टर्बो आणि टाच

आमच्या घरात गाडी एकच, पण ती चालवायच्या तऱ्हा दोन होत्या, आणि दोन्ही बघून माझं डोकं फिरायचं.

पहिली तऱ्हा मास्तरांची. मास्तर म्हणजे माझा नवरा. एकतीस वर्षं त्यांनी ड्रायव्हिंग स्कूल चालवलं, त्यामुळे सगळं गावच त्यांना मास्तर म्हणतं, आणि वैतागले की मीसुद्धा. त्यांच्याकडे शिकलेली माणसं आज बस चालवतात, रुग्णवाहिका चालवतात, एक जण तर आगीचा बंब चालवतो. स्कूल विकलं त्याच महिन्यात त्यांनी ही गाडी घेतली. दिसायला एवढीशी, पाच दारांची, मागे भाजीच्या चार पिशव्या मावतील एवढी डिकी, पण इंजिन टर्बोचं. अगदी गोगलगाय आणि पोटात पाय. "आयुष्यभर वीसच्या वेगाने फिरलो," ते म्हणाले, "आता एकदा तरी जोरात जाऊन बघायचंय." क्लच दाबून दाबून गुडघा गेला होता, म्हणून आपोआप गिअर बदलणारी घेतली. गाडीचं माहितीपुस्तक त्यांनी इतक्या वेळा वाचलं की त्याची शिवण उसवली. ती मीच पुन्हा घातली.

आणि एवढं करून गाडी चालवली कशी, तर वीसच्या वेगाने. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी इंडिकेटर. वळणाआधी दोन्ही आरसे, मग मान वळवून मागे, मग पुन्हा आरसे. खालच्या नव्या मॅटवर वर्तमानपत्र, आणि त्या वर्तमानपत्रावर त्यांचा पाय. कधी चुकून तो पाय जरा जास्त पडला, की गाडी दोन क्षण विचार करायची आणि एकदम उसळायची. मास्तर दचकून पाय काढायचे, गाडी नाक खाली घालायची. टर्बो म्हणे जागा होतो. आमच्याकडे तो जागा झाला की त्याला लगेच थोपटून झोपवलं जायचं.

दुसरी तऱ्हा आमच्या लेकीची. ती दातांची डॉक्टर, दुसऱ्या शहरात राहते, महिन्यातून दोनदा येते आणि आल्या आल्या किल्ली मागते. तिचं सगळं सोपं आहे. दाबायचं तर तळापर्यंत, नाहीतर दाबायचंच नाही. सिग्नल सुटला की माझं डोकं मागे आपटायचं, पुढचा सिग्नल आला की कपाळ पुढे जायचं. एकदा मी तिला म्हटलं, "अगं, माझी दाढ हलली." तर म्हणते कशी, "मग सोमवारी दवाखान्यात ये, बघते."

मला स्वतःला गाडी येत नव्हती. दोन हजार माणसांना शिकवणाऱ्याच्या घरात दिव्याखाली अंधार. पण कधी गरजच पडली नाही, कारण माझा कारखाना घरापासून चालत सात मिनिटांवर होता. तिथे मी सॅम्पल टेलर आहे. नवा शर्ट कागदावरून कापडावर पहिल्यांदा येतो तो माझ्या हातून, आणि माझं सॅम्पल पास झालं की बाकीची चारशे मशिनं तो शिवायला घेतात. सॅम्पलचं टेबल एकच आहे, खिडकीशी, आणि ते बावीस वर्षं माझं आहे. हे मी मिरवायला सांगत नाही. म्हणजे, थोडं मिरवायलाही.

या वर्षी कारखाना गावाबाहेर गेला, हायवेवर चौदा किलोमीटर. कंपनीची बस आमच्या बाजूला येत नाही. वर नव्या मॅनेजरने नियम काढला: कामाला सुरुवात साडेआठला, तीन महिन्यांत तीनदा उशीर झाला तर सॅम्पलचं टेबल दुसऱ्याला.

"मी सोडतो की," मास्तर म्हणाले. स्कूल विकल्यापासून त्यांना सकाळी काही उद्योग नव्हता, त्यामुळे चेहरा असा खुलला की नाही म्हणायचा धीर मला झाला नाही.

पहिला उशीर ट्रॅक्टरमुळे. हायवेवर एक ट्रॅक्टर चालला होता आणि मास्तरांनी नऊ किलोमीटर त्याच्या मागे सुरक्षित अंतर ठेवलं. ट्रॅक्टरवाल्याने हात दाखवून तीनदा पुढे जायला सांगितलं, शेवटी तोच बिचारा बाजूला थांबला. दुसरा उशीर टायरमधल्या हवेमुळे. त्या दिवशी मी मुद्दाम साडेसहालाच निघायला लावलं होतं. पण लवकर निघालो की उरलेला वेळ मास्तर गाडीलाच देऊन टाकायचे. आधी हवा, मग काच पुसणं, मग पुन्हा हवा. उशिराचा दुसरा शेरा पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी टेबलाशी गेले तर माझी खुर्ची चार बोटं उंच झालेली. कुणीतरी बसून बघून गेलं होतं. तिमाही संपायला अजून सात आठवडे होते.

त्या संध्याकाळी गाडीत मी बोलले. "तुमच्यामुळे माझं टेबल जाणार."

"सुरक्षित पोचवतो ना तुला?"

"सुरक्षितच. पण उशिरा."

दारात गाडी लागल्यावर मी म्हटलं, "मला शिकवा."

आमचे मास्तर खट्याळ आहेत, हट्टी आहेत, पण शिकवायचं म्हटलं की देवमाणूस. दुसऱ्याच दिवशी शिकाऊ परवान्याचा अर्ज आला, आणि परवाना हाती पडल्यावर रविवारी सकाळी आम्ही जुन्या कारखान्याच्या रिकाम्या आवारात. मी स्टिअरिंगसमोर, ते शेजारी.

"हे वेगाचं पेडल," ते म्हणाले. "जपून. ही गाडी आधी काहीच करत नाही आणि मग एकदम सगळं करते."

मला हसू आलं. आमचं मोटरवरचं शिलाई मशीनही तसंच असतं. नवीन मुलगी पेडल दाबते, काही होत नाही, म्हणून आणखी दाबते, आणि मग सुई अशी पळते की कॉलरची टीप बाहीवर. त्यावर उपाय एकच: मोटर कधी जोर धरणार ते आधी ओळखायचं आणि ती जोर धरायच्या क्षणाला पाय केसभर सैल सोडायचा. मी पंजा टेकवला. गाडी निघाली. इंजिनाचा आवाज जाड झाला तसा मी पंजा केसभर सोडला, आणि टर्बो आला तो बाहीचा मुंडा शिवताना कापड वळावं तसा, कुठे सुरकुती नाही. भिंत लांब असतानाच तीसचा आकडा दिसला. मास्तर माझ्याकडे न बघता माझ्या पायाकडे बघत होते.

"ब्रेक," ते म्हणाले.

मी थांबले. म्हणजे, मला वाटलं मी थांबले. झालं असं की आमच्या मशीनला पेडल एकच असतं. पंजा पुढे दाबला की टीप पडते, टाच मागे दाबली की सुई थांबते आणि दोरा कापला जातो. बावीस वर्षं, दिवसातून हजार वेळा, मी टाचेनेच थांबत आले आहे. मी टाच दाबली. गाडीला टाचेशी काही देणंघेणं नव्हतं. पंजा सुटल्यामुळे तिचा वेग तेवढा कमी झाला, आणि ती निवांत कचऱ्याच्या लोखंडी डब्याकडे चालत राहिली. मास्तरांनीही पाय गच्च दाबला. स्कूलच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही ब्रेक असायचा, तो या गाडीत कुठून असणार? आम्ही नवराबायको जिवाच्या आकांताने दोन ब्रेक दाबत होतो आणि गाडीला त्यातला एकही नव्हता.

डब्याला काही झालं नाही. गाडीच्या बंपरला बशीएवढा खळगा पडला. मास्तर उतरले, त्याच्यावरून हात फिरवला आणि परत येऊन बसले. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

कारखान्यात रोज मास्तरच सोडत होते, आणि गाडीची हवा-काच मी आदल्या रात्रीच उरकून घेत होते. शिकणं मात्र पुढचे पंधरा दिवस तेच. सावकाश चालले असताना मी ब्रेक अगदी नीट दाबायचे. पण अचानक काही आडवं आलं, कुत्रं म्हणा, चेंडू म्हणा, की पाय डोक्याला विचारायचाच नाही. टाच खाली. मास्तरांनी हँडब्रेक ओढून ओढून गाडी वाचवली. टेस्ट दहा दिवसांवर आली तेव्हा मी रात्री जेवताना म्हणाले, "जित्याची खोड. नाही जमणार मला. देऊन टाकते टेबल." बोलले आणि ताट बाजूला सारलं.

मास्तर उठले आणि घरातल्या माझ्या मशीनवर जाऊन बसले. तेही कारखान्यातलंच, जुनं झाल्यावर मी विकत घेतलेलं. त्यांनी एक चिंधी सुईखाली सरकवली आणि पेडल दाबलं. एकदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा चिंधी, दोरा आणि त्यांची शर्टाची बाही असं सगळं एकत्र आत जायला निघालं. त्यांनी हात मागे खेचला.

"मशीनच खराब आहे हे."

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हटलं, आणि त्या दिवसातलं पहिलं हसू आलं मला.

मग त्यांनी मला बसवलं आणि स्वतः टॉर्च घेऊन मशीनखाली आडवे झाले. दुखऱ्या गुडघ्यासकट. मी टीप मारत होते, थांबत होते, आणि खालून आवाज येत होता, "परत. हं, परत." अर्ध्या तासाने ते धुळीने माखून बाहेर आले. म्हणाले, "तुझी टाच बदलायची गरजच नाही. ती चुकीच्या जागी उभी आहे, एवढंच."

सकाळी त्यांनी माझ्या शिलाईच्या डब्यातला कापडावर खुणा करायचा खडू घेतला आणि गाडीतलं वर्तमानपत्र काढून टाकलं. ज्या मॅटवर आजवर कुणाला पाय ठेवू दिला नव्हता, तिच्यावर त्यांनी ब्रेकच्या बरोबर समोर माझ्या टाचेचा गोल काढला.

"टाच इथून उचलायची नाही. वेग हवा तर पंजा तेवढा उजवीकडे वळव. घाबरलीस की त्याला सरळ पडू दे, समोर ब्रेकच आहे. आता टाच दाब हवी तेवढी, फक्त तिच्यामागोमाग पंजाही खाली दाब. दहा दिवस एवढंच घोटू."

टेस्टला परीक्षक बाई होत्या. हातात कागदांचं पॅड, तोंडावरची माशी हलेल तर शपथ. सगळं ठीक चाललं होतं, तेवढ्यात दोन उभ्या टेम्पोंच्या मधून एक सायकलवाला बाहेर आला. माझ्या डोक्यात काही आलं नाही. टाच रुतली, पंजा सरळ पडला, गाडी जागच्या जागी थांबली. सायकलवाल्याने मान डोलावली आणि तो गेला. बाईंचं पेन उडून माझ्या मांडीवर आलं होतं.

"पेन द्या," त्या म्हणाल्या. काहीतरी लिहिलं. मग खाली बघतच विचारलं, "गाडी इतकी अलगद उचलायला कुठे शिकलात?"

"शर्टाच्या कॉलरवर," मी म्हटलं. त्यांनी तेही लिहिलं की काय कोण जाणे.

पास झाले. लेकीला फोन केला तर ती म्हणाली, "आता मला शिकव." मी म्हटलं, रांगेत उभी राहा.

परवाना हातात आल्यावरच्या पहिल्या सकाळी आम्ही पावणेआठला निघालो. मास्तर शेजारी बसले होते, कारण गाडी परत घरी न्यायची होती. हायवेला लागताना मागून ट्रक येत होता. मी पंजा वळवला, जोर येतोय हे कानाने ओळखलं, केसभर सोडलं आणि मग हळूहळू दिलं. ट्रक आरशात लहान झाला. ऐंशीचा आकडा आला तेव्हा मास्तरांचा हात दारावरच्या मुठीवर होता. थोड्या वेळाने तो त्यांच्या मांडीवर आला. मला त्या क्षणी इतका आनंद झाला की गाणं म्हणावंसं वाटलं, पण आमच्याकडे सगळ्यांचा आवाज बेसूर.

कारखान्याच्या आवारात शिरलो तेव्हा आठ वाजून सात मिनिटं झाली होती. माझ्या हातात तेवीस मिनिटं. मी उतरले, मास्तर स्टिअरिंगसमोर जाऊन बसले. सीट मागे घेतली, तिन्ही आरसे लावले, पट्टा लावला, इंडिकेटर दिला. मी फाटकाशी उभी राहून बघत होते. गाडी काही हलेना. काच खाली झाली.

"काय झालं?" मी जवळ जाऊन विचारलं.

ते समोरच बघत होते. "मी एकतीस वर्षं लोकांना थांबायला शिकवलं," ते म्हणाले. "ते मला चांगलं येतं. पण ही घेतली होती जायला. ते तू जे करतेस ना, ते कसं करायचं?"

चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने मला कधी काही विचारलं नव्हतं. चष्मा कुठे आहे हे सोडून. मी वळसा घालून पलीकडच्या सीटवर जाऊन बसले.

"दाबायचं नाही," मी म्हटलं. "ऐकायचं. आवाज जाड झाला की केसभर सोडा. घाबरून पूर्ण सोडू नका. केसभर."

पहिल्यांदा त्यांनी पूर्ण सोडलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा टर्बो जागा झाला आणि कुणी त्याला थोपटलं नाही. कारखान्यामागच्या रिकाम्या आवारातून गाडी भिंतीपर्यंत सुरकुती न पडता गेली आणि अचूक थांबली, कारण थांबणं तर त्यांचंच. मास्तरांचे कान लाल झाले होते. दोन हजार शिकाऊ माणसं त्यांना जे म्हणाली असतील तेच ते मला म्हणाले.

"अजून एकदा?"

मी घड्याळ बघितलं. साडेआठला सात मिनिटं होती.

"घ्या," मी म्हटलं.