झकास झालंय

"अहो, मासा आहे तो, सोन्याचा दागिना नाही. किती वेळा उलटून बघाल?" मासेवाली वैतागली.

भट्टीवाला तरी बघतच राहिला. सॅल्मनचा चांगला जाडजूड तुकडा होता, गुलाबी, चकचकीत. "ताजा आहे ना पण?"

"वास घ्या की मग!"

भट्टीवाल्याने तुकडा नाकाशी नेला, डोळे मिटले, मान डोलावली. "झकास!"

वास कसला घेतोय डोंबलाचा. नाक जाऊन जमाना झाला होता. उभा जन्म पावडर मारायच्या कारखान्यात गेला. म्हणजे खुर्च्यांचे पाय, खिडक्यांच्या जाळ्या असला लोखंडी माल यायचा. तो धुवायच्या टाकीत बुडवायचा, कोरडा करायचा, रंगाची पावडर बसवायची आणि भट्टीत भाजून पक्का करायचा. टाकीच्या वाफेनं नाक मारलं. एकदम नाही, हळूहळू. पण हे सांगणार कुणाला? वास न येणाऱ्या माणसाला गॅसच्या भट्टीपाशी कोण उभं करतंय? म्हणून कारखान्यात बोलला नाही, आणि बाहेर फुटायला नको म्हणून घरीही बोलला नाही. बायको ताट वाढून विचारायची, "कसं झालंय?" हा म्हणायचा, "झकास झालंय." तिला जाऊन वर्ष झालं, तरी जिभेचं वळण काही गेलं नाही.

"आणि भाजायचा कसा गं?"

"मसाला चोळायचा, तेलाचा हात लावायचा, भट्टी आधी तापवून घ्यायची. पंधरा मिनिटांत बाहेर. विसरलात तर चपलेचा तळवा होईल."

"ए बाई, भट्टीचं मला नको शिकवूस. तिथंच हाडं झिजली माझी."

"बरं बाबा, तुम्ही मोठे," म्हणत तिने तुकडा कागदात गुंडाळला.

एवढी उठाठेव कशासाठी, तर पोरीसाठी. मध्यंतरी काय झालं, दूध उतू गेलं, शेगडी विझली आणि गॅस तसाच सुटत राहिला. भट्टीवाला शेजारीच बसून निवांत नखं कापत होता. वरच्या मजल्यावरच्या शिंप्याला जिन्यात वास आला, त्याने दार बडवलं, म्हणून निभावलं. शिंप्याने पोरीला फोन केला. पोरगी फोनवर रडली, मग चिडली. "बाबा, आता एकटं राहायचं नाही. आमच्याकडे चला. इस्त्रीच्या टेबलामागे पलंग टाकते तुमचा."

"इस्त्रीच्या टेबलामागे मी काय घडी घालून राहू? डुलकी लागली होती जरा. तू ये एकदा. तुझ्या आवडीचा तो भाजलेला मासा करून घालतो. माझ्या हातचं जेव, आणि मग ठरव."

"ठीक आहे," पोरगी म्हणाली. "पण ठरवीन मीच."

म्हणून आज, कामाचा दिवस असूनही, ती आणि जावई दोघं कामावरून परस्पर इकडे यायची होती.

भट्टीवाला कामाला लागला. मासा धुतला आणि फडक्याने टिपून टिपून असा कोरडा केला की पाण्याचा थेंब नाही. ओल्या मालावर पावडर धरत नाही. तिखट, जिरेपूड, मिरपूड, मीठ आणि रंग यावा म्हणून साखर असं एकत्र केलं. ठेचलेला लसूण तेलात कालवून माशाला चोळला. मग चहाच्या गाळण्यातून मसाला वरून भुरभुरवला, कडेपासून कडेपर्यंत, बोटाचा ठसा उमटू न देता. दोन पावलं मागे सरून बघितलं. एकसारखा थर बसला होता. कारखान्यात असा माल निघाला असता तर मुकादमाने पाठ थोपटली असती.

शेगडीच्या खालची भट्टी तापली. मासा आत गेला.

आणि इथेच शहाण्याने माती खाल्ली. कारखान्यातला कायदा असा, की भट्टी तापली म्हणजे माल तापला असं नव्हे. जाड माल उशिरा तापतो. तो आतपर्यंत पुरता तापला की तिथून पुढे वेळ धरायची, नाहीतर पावडर कच्ची राहते. त्याने दार किलकिलं करून बघितलं. मासा फिकट पडला, कडेने तेल चरचरायला लागलं, मधोमध सुरी खुपसली तर पातं गरम लागलं. "हां, आता तापला," असं म्हणत त्याने घड्याळ बघितलं आणि मासेवालीची पंधरा मिनिटं तिथून पुढे मोजायला घेतली.

टेबल पुसलं, ताटल्या मांडल्या. दिवा जरा अंधूक वाटला. चष्म्यावर वाफ धरली असेल म्हणून चष्मा पुसला. तरी अंधूकच. "मोतीबिंदू वाढला वाटतं," म्हणाला आणि लिंबं चिरायला बसला.

बेल वाजली. दारात पोरगी, मागे जावई. पोरगी उंबऱ्यावरच थबकली.

"बाबा, हा वास कसला?"

"ये, ये! घमघमाट सुटलाय की नाही? जिन्यापर्यंत आला असेल!" भट्टीवाल्याचा चेहरा नुसता फुलला होता. "मसाला कसा बसलाय बघ फक्त!"

पोरीने त्याच्याकडे बघितलं. रागावली नाही, काही नाही, नुसतं बघितलं. मग तोंडाला ओढणी लावून आत धावली, भट्टी बंद केली, एकेक करून सगळ्या खिडक्या उघडल्या. भट्टीचं दार उघडल्यावर धुराचा लोट बाहेर आला, तेव्हा कुठे भट्टीवाल्याला कळलं. हातातलं लिंबू हातातच राहिलं.

जावई खोकत खोकत म्हणाला, "असू दे हो बाबा. वरचं काढलं की आत चांगला असेल."

तिघं जेवायला बसली. वरचा थर कोळसा झाला होता आणि आतला मासा लाकडाच्या भुशासारखा. जावयाने घास तोंडात घातला, बराच वेळ चावला, पाण्याबरोबर उतरवला. माणूस भला. म्हणाला, "छान झालंय, बाबा."

पोरीने हातातला चमचा आपटला.

"अजिबात बोलू नकोस असं! या घरात जन्मभर हेच ऐकलंय मी. झकास झालंय, झकास झालंय!"

"अगं, हळू," जावई म्हणाला.

"बाबा, खरं सांगा. वास येत नाही ना तुम्हाला?"

भट्टीवाला ताटलीत लिंबाची फोड पिळत राहिला.

"कधीपासून?"

"तू शाळेत होतीस."

"आईला माहीत होतं?"

"उगाच तिच्या जिवाला घोर कशाला..."

पोरगी हसली, पण ते हसू बघवत नव्हतं. "घोर? एकदा तिने तुम्हाला करपलेलं वाढलं. मुद्दाम. तुम्ही म्हणालात, झकास. तिला वाटलं, ह्यांचं लक्षच नाही. आपण काय रांधतो, कुणासाठी रांधतो, ह्यांना काही सोयरसुतक नाही. त्यानंतर तिने मसाले वाटायचं सोडून दिलं. मी विचारलं तर म्हणाली, ह्यांना दगड उकडून वाढला तरी झकासच म्हणतील." तिने ताटली बाजूला सारली. "नाक गेलंय एवढंच सांगायचं होतं हो तिला. तिने समजून घेतलं असतं. तुम्ही समोर बसलेले असायचात आणि ती एकटी जेवायची, बाबा."

जावई ताटलीत बघत बसला. खिडकीतून गार वारा आत येत होता.

भट्टीवाल्याने ताटलीतला घास उचलून तोंडात घातला. जिभेला तिखट लागलं, मीठ लागलं. बाकी काही नाही. तो सावकाश चावत राहिला. मग उठला, शेगडीपाशी गेला आणि शेगडीची बटणं एकेक करून ओढून काढली. साबणाने धुतली, कडेचा चिकटा नखाने काढला, फडक्याने पुसून पोरीपुढे ठेवली.

"घेऊन जा. इथे राहिली तर सकाळी मी चहा टाकीन."

"बाबा, तसं नव्हतं म्हणायचं मला."

"तसंच होतं. बरोबर बोललीस. रविवारी ये न्यायला. कपडे काढून ठेवतो."

पोरीने बटणं पर्समध्ये टाकली. कुणी कुणाची समजूत काढली नाही. भांडी मात्र तिघांनी मिळून आवरली.

निघताना जिन्याची पहिली पायरी उतरून ती सवयीने म्हणाली, "गारठा आहे. वास गेला की खिडक्या लावून घ्या." आणि तिथेच थांबली. मागे वळली.

"हो हो, लावतो ना," भट्टीवाला घाईघाईने म्हणाला. "तुम्ही निघा. उशीर होईल तुम्हाला."

खाली गाडी सुरू झाली, गेली. त्याने स्वेटर चढवला, वरून बायकोची शाल घेतली, खुर्ची ओढून दोन खिडक्यांच्या मधोमध बसला. एकदा मान वर करून नाकाने खोल श्वास ओढून बघितला.

खिडक्या उघड्याच राहिल्या.