अक्षता पडेपर्यंत

प्राजक्ताचं लग्न रविवारी होतं आणि बुधवारी सुलक्षणा सिस्टर कान्हूसाठी इंजेक्शनं घेऊन आल्या. सगळं बिनसलं ते इथून, आणि त्यात सिस्टरांचा काडीचाही दोष नव्हता.

कान्हू म्हणजे प्राजक्ताचा बाप. मुळशी धरणात जाळं टाकून त्यानं पोरं वाढवली. आता पोटात कॅन्सर. गोळी गिळली की उलटी, चहा प्याला की उलटी. दुखण्याचं औषध पोटात ठरायलाच तयार नाही. म्हणून सिस्टरांनी त्याच्या छातीच्या कातडीखाली एक बारीक सुई बसवली, वरून चिकटपट्टी लावली आणि सून जयाला शेजारी बसवून शिकवलं. दुखणं थांबवणारं मॉर्फिन आणि उलटी थांबवणारं औषध, दोन्ही एकाच सिरिंजमध्ये ओढायचं आणि सुईच्या नळीतून सावकाश सोडायचं. ठरल्या वेळेला, न चुकता.

"आधी खूप झोपतील," सिस्टर म्हणाल्या. "किती दिवसांची झोप राहिलीय त्यांची. घाबरू नका. एक-दोन दिवसांत उठून बसतील, बोलतील. आणि औषधांचा डबा मात्र कुलपात ठेवा."

पहिलं इंजेक्शन जयानं त्यांच्यासमोरच दिलं. सिस्टरांची गाडी पौडच्या रस्त्याला लागली आणि कान्हूला जो डोळा लागला तो लागलाच. हाक मारली तरी हूं नाही की चूं नाही. त्याची बायको तानुबाई रडायला लागली. मुलगा विकास रिसॉर्टवरची ड्युटी टाकून पळत आला. पाणी शिंपडून, गदागदा हलवून त्यांनी त्याला उठवलं.

"का उठिवलं रं?" कान्हू म्हणाला. "लई दिसानं डोळा लागला हुता."

हे वाक्य सगळ्यांनी ऐकलं. ऐकलं आणि सोडून दिलं.

कारण गेल्या साली वाडीतल्याच लीलाबाईच्या नवऱ्याला असंच इंजेक्शन दिलं होतं आणि तो दिवेलागणीला गेला. तो तसाही त्या दिवशी जाणारच होता, अगदी घरघर लागल्यावर त्याला दवाखान्यात नेलं होतं. पण वाडीनं त्या औषधाचं नाव 'शेवटचं इंजेक्शन' ठेवून टाकलं. आपल्याकडे नाव पडलं की विषय संपला. भावकीतले वडीलधारे हनुमंतनाना अंगणातल्या खाटेवर बसून म्हणाले, "इकास, नीट इचार कर. त्यो झोपंत गेला तर सुतक. लगीन मोडलं. पावनं काय म्हणतील? पोरगी पांढऱ्या पायाची म्हनून नाव पडंल तिचं. अक्षता पडू दे, मंग काय द्याचं ते दे."

"नाना, त्यानं माणूस मरत न्हाई," जया म्हणाली. "सिस्टरनी सांगितलंय."

"सिस्टरच्या घरी लगीन हाय का?"

विकासनं डब्याला कुलूप लावलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान जयाला त्याच्याशी मनसोक्त भांडता आलं असतं. तो रडत होता आणि किल्ली देत नव्हता.

शुक्रवारी सिस्टरांचा फोन आला. विकासनंच उचलला. "व्हय ताई, देतोय की. निवांत झोपल्यात," म्हणाला. आतल्या खोलीत कान्हू गुडघे पोटाशी घेऊन खाटेच्या माच्याला डोकं घासत होता.

"जया," तो म्हणायचा, "ते दे की गं. त्या दिशी दिलतंस ते."

"देते हां आबा," ती म्हणायची. दुसरं काय म्हणणार? किल्लीसाठी ती नवऱ्याच्या पाया पडली, त्याच्याशी अबोला धरला, शेवटी सासूला म्हणाली, तुमी तरी सांगा. तानुबाईनं पदर तोंडात धरला. तिच्या एका बाजूला नवरा होता आणि एका बाजूला शेंडेफळ पोरगी.

हळदीच्या दिवशी पाहुणे यायला लागले, तसं कान्हूला मागच्या रिकाम्या गोठ्यात हलवलं. ओरडणं ऐकू नये म्हणून. डीजेवाल्याला एक स्पीकर तिकडं तोंड करून लावायला सांगितला. तानुबाईनं टॉवेलची घडी करून नवऱ्याच्या दातांत दिली. हळद लागलेल्या नवरीनं आजाऱ्याजवळ जायचं नसतं, म्हणून प्राजक्ता गोठ्याच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"वैनी, आबा कसं हायेत?"

"झोपल्यात," जया म्हणाली. हे खोटं बोलताना तिला स्वतःची किळस आली.

रविवारी लग्न लागलं. कन्यादानाला बापाच्या जागी विकास बसला, शेजारी जया. मंगलाष्टकं चालू असताना तिचे कान गोठ्याकडे होते. पण माईकपुढे काही ऐकू येत नव्हतं. अक्षता पडल्या. जेवणं उरकली. नवरीची गाडी वळणाआड गेली, तशी विकासनं करदोट्याची गाठ सोडली आणि किल्ली जयाच्या हातावर ठेवली.

मग सगळी भावकी गोठ्यात गोळा झाली. तानुबाईनं गंगाजळाची तांब्याची लोटी आणि तुळशीचं पान आणलं. नाना दारातून आत आले नाहीत. त्यांनी बाहेर एकाला लाकडांचं विचारून ठेवलं. जयानं दोन्ही औषधं सिरिंजमध्ये ओढली. मग शिकवलं होतं तशी नळीतून सावकाश सोडली. कान्हूच्या दातांतला टॉवेल आपोआप सुटला, मुठी उघडल्या, आणि तो झोपला. कुणी पायांना हात लावून नमस्कारही केला.

पण तो काही मेला नाही. श्वास चालू होता, सरळ, एकसारखा. जया वेळेवर इंजेक्शन देत राहिली. वाट बघून बघून माणसं आपापल्या घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ऊन गोठ्याच्या दारात आलं तेव्हा कान्हूनं डोळे उघडले आणि चहा मागितला. तानुबाईनं बशीत ओतून पाजला. तो पोटात राहिला. कान्हूनं अजून मागितला. मग भिंतीला टेकून बसवा म्हणाला आणि खरंच बसला. चेहरा इतका निवळला होता की जयाला रडू फुटलं.

"सिस्टरचं औशद चांगलं हाय गं," तो म्हणाला. "आता मांडवात बसाय येतंय मला. माजा पांढरा सदरा काडून ठेव. प्राजूची हळद कवा हाय?"

बाहेर मांडववाला बांबू सोडून टेंपोत टाकत होता. विकास दारात उभा होता. तानुबाईनं तोंड फिरवलं. सांगायला जयाच उरली.

"आबा, लगीन झालं. काल झालं."

कान्हूनं तिच्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, मग मुलाकडे.

"झालं?" तो म्हणाला. "मंग मी कुटं हुतो?"