आरोक्यमचा अपराध

"पाप नाही म्हणू नका, डॉक्टर!" आरोक्यम ताडकन खुर्चीतून उठली. "मग मी माफी मागू कुणाकडे?"

मी दाराशी बसून बँडेजं गुंडाळत होते. बाई रुग्ण असली की कल्याणराम डॉक्टर मला, त्यांच्या नर्सला, खोलीतच बसवत. मद्रासला मनाच्या आजारांचं शिकून ते कुंभकोणमला परत आलेले. आमच्यातलेच, पिढ्यान्‌पिढ्या इकडे राहिलेले मराठी; माझ्याशी घरची मराठी बोलत, आरोक्यमशी तमीळ. आज सातवा मंगळवार, तरी तिच्या घशाखाली कांजीपलीकडे काही उतरत नव्हतं. घशात दोष नाही, असं दोन दवाखान्यांनी सांगून झालेलं. मिशनच्या शाळेत शिवण शिकवणारी ही बाई चाळिशीतच काडी झाली होती.

गोष्ट एवढीशी. आई चार वर्षं अंथरुणाला खिळलेली. एका दुपारी चादर बदलताना ही पुटपुटली, "अजून किती दिवस गं बाई?" आईनं ऐकलं. तेव्हापासून म्हातारीनं अन्नाला तोंड उघडलं नाही, आठव्या दिवशी गेली. त्या दिवसापासून हिचा घासही अडला, रडूही.

आणि कहर बघा, भर चर्चमध्ये फादरनी हिला उभं करून सांगितलं, लेक असावी तर अशी! आता त्यांच्याचपुढे गुडघे टेकून ही काय कबूल करणार? म्हणून इकडे आली. तर भावजय टोचायला मोकळी: जपमाळ सोडून परक्या डॉक्टरपुढे मन उघडं करते, देवावरचा विश्वासच उडाला हिचा.

"चार वर्षं राबलात," डॉक्टर म्हणाले. "थकून बोललात. कुणीही बोललं असतं."

"कुणीही नाही. मी बोलले."

मला राहवेना. "अहो, इतक्या पोटतिडकीनं सांगतेय, तर हो म्हणा की एकदा!" तिला कळू नये म्हणून मराठीत बोलले. डॉक्टरांनी असं पाहिलं, की वाटलं, गेली आपली नोकरी.

पण त्यांनी चष्मा काढला. तिच्याकडे वळून सावकाश म्हणाले, "लागलं असेल, अम्मा. तुमचं बोलणं आईला लागलं असेल. पण माफी माझ्याजवळ नाही. ती जिथे मिळते असं तुम्ही मानता, तिथे हेच सांगा. असंच सांगा."

शनिवारी मी तिच्यासोबत चर्चला गेले. तिचे एकटीचे पाय उचलत नव्हते. मी मागच्या बाकावर बसले, ती फादरांच्या कबुलीच्या जाळीपाशी गुडघे टेकून. शब्द ऐकू येत नव्हते, हुंदके येत होते. माझाच जीव टांगणीला लागला. बऱ्याच वेळानं ती उठून आली. फादर काय म्हणाले ते मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

कोपऱ्यावरच्या हॉटेलात मी दोन इडल्या मागवल्या. तिनं कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावली, तुकडा मोडला आणि गिळला. उतरला! दुसराही उतरला. मी आनंदानं तिचा हात धरला, तर ती ओक्साबोक्शी रडायलाच लागली.

"अगं, आता काय झालं?"

"माझी आई गेली, अक्का," ती म्हणाली.

आई जाऊन दीड वर्ष झालं होतं.