अक्षय्य तृतीयेची भरती

अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली, आणि स्वयंपाकाच्या मांडवामागून कोणीतरी ओरडले, "टाकी रिकामी!"

कृष्णनाथांनी आधी नदीकडे पाहिले. मुलीच्या डोक्यावरच्या अक्षता अजून ओघळत असताना वधूपित्याने असे करणे शोभत नव्हते. पण चोपडे गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या या वाड्याला, म्हणजे वस्तीला, पिण्याच्या पाण्याची विहीर एकच, तीही ओहोळाच्या कोरड्या पात्रातल्या वाळूत. पाणी समितीचे प्रमुख म्हणून तिच्या पंपाची चावी त्यांच्याच सदऱ्याच्या खिशात होती. अमावास्येनंतरचे उधाण ओसरले नव्हते. शापोरा नदीचे खारे पाणी ओहोळाच्या तोंडातून आत सरकत होते.

पहाटे ओहोटीत त्यांनी स्वतः टाकी काठोकाठ भरून घेतली होती. वऱ्हाडाच्या बसमधून उतरलेल्या कोणीतरी हातपाय धुतले आणि नळ तसाच सोडला.

"भावोजी, चावी," त्यांच्या पत्नीच्या, देवकीच्या, धाकट्या भावाने, गोकुळदासने, हात पुढे केला.

"भरती आहे."

"अर्धो तास! समुद्र काय कामधंदो सोडून तुमच्या विहिरीवर नजर ठेवून बसलो आसा?"

"समुद्राला नजर ठेवावी लागत नाही, गोकुळदास. वाट मिळाली की पुरे."

वाळूत गोडे पाणी वर तरंगते आणि त्याखाली जड, खारे पाणी असते. भरतीत उपसा केला की खालचे वर चढते. दोन वर्षांपूर्वी असेच झाले, आणि वाड्याने पाऊस येईपर्यंत टँकरचे पाणी प्यायले. भरतीत पंप न चालवण्याचा नियम त्यानंतर कृष्णनाथांनीच सर्वांकडून मान्य करून घेतला होता.

पंगत बसली. देवकी जवळ येऊन दबल्या आवाजात म्हणाली, "पाण्याबगर वाढूचा काय व्याह्यांका? पोरीक जन्मभर ऐकूचा लागतला."

त्यांनी खिशातली चावी मुठीत घट्ट धरली, सोडली, पुन्हा धरली.

शेजारची गौरवी म्हणाली, "काका, चालवा आज. आम्ही कोणी काही म्हणणार नाही."

या शब्दांनी ते अधिकच अस्वस्थ झाले. आज कोणी काही म्हणणार नाही. मग पुढच्या आठवड्यात कोणाच्या मुंजीला ते स्वतः काय म्हणणार?

सिंधुदुर्गातून आलेले नवऱ्या मुलाचे मामा धाकू पानावरूनच ओरडले, "काय व्याही, जेवणाचो मुहूर्त भटान काढलो काय भरतीन?"

पंगत हसली. कृष्णनाथांचे कान तापले. नवऱ्याशेजारी बसलेल्या सिद्धीने वडिलांकडे पाहिले आणि मुंडावळ्या हलतील न हलतील इतकी मान नकारार्थी हलवली.

त्यांनी चावी खिशात खोल सारली.

"गौरवी, सकाळचे पाणी घरात असेल ना?"

"दोन कळश्या आहेत."

"एक देशील? प्रत्येक घरी एकच मागायची."

मुलीच्या लग्नात दारोदार पाणी मागण्याची वेळ आपल्यावर येईल, हे त्यांच्या कोणत्याही आखणीत नव्हते. पण कळश्या आल्या. त्या फक्त पिण्यासाठी ठेवल्या. सोलकढी मात्र भरपूर होती. ती दुसऱ्यांदा फिरली. हात धुवायला पाहुण्यांना घाटाच्या पायऱ्यांवर पाठवले. नदी आपण होऊन वरच्या पायरीपर्यंत आली होती. धाकूमामांनी तिथे चूळ भरली आणि थुंकून म्हणाले, "लोणच्याची गरज नाय हयसर."

तरीही कृष्णनाथांना चैन पडेना. एवढे उधाण पंप बंद असतानाही आत शिरले असेल तर? पान तसेच टाकून ते विहिरीच्या काठाशी आणि ओहोळाच्या तोंडाशी येरझारा घालत राहिले. उन्हे कलली तेव्हा पाणी उतरून काठावरच्या खडकावरची ओली रेघ उघडी पडली. तरी त्यांनी आणखी थोडे थांबून घेतले. मग पंप सुरू केला.

वर रस्त्यावर सजवलेली गाडी घरघरत होती. देवकीचे रडणे ऐकू येत होते. पहिली धार त्यांनी वाहू दिली, दुसरी ओंजळीत घेतली. जीभ दुपारपासून कोरडी होती. तिच्यावर विश्वास बसेना. पुन्हा ओंजळ भरली.

गाडीच्या खिडकीतून सिद्धीने हाक मारली, "बाबा, गोडें?"

त्यांनी ओली ओंजळ तशीच उंच धरली आणि मान डोलावली.