फादरचं तेल

दगडाबाई भाकरी थापत होती आणि तिचा नवरा मुंजाजी चुलीपुढं बसून तिच्याशी भांडत होता. गुरुवारी अंबाजोगाईच्या दवाखान्यात तिच्या पोटातली गाठ काढायची होती. गाठ अवघड जागी आहे, वयही झालंय, पण नाही काढली तर वर्ष निघायचं नाही, असं डॉक्टरनं तोंडावर सांगितलं होतं. ती जायला तयार होती. अट एकच, आधी चर्चच्या फादरला बोलवायचं, प्रार्थना करून पवित्र तेल लावून घ्यायचं, मगच जीपमध्ये बसायचं. आणि मुंजाजीचं घोडं नेमकं तिथंच अडलं होतं.

घाटनांदूरच्या अलीकडं त्यांची वस्ती. कॅथलिकांची पंधरा-वीस घरं. पण फादरच्या तेलाची दहशत सगळ्या वस्तीला. फादर तेलाची डबी घेऊन ज्या घरात शिरले, त्या घरातलं माणूस सांजेपर्यंत चार खांद्यांवरूनच बाहेर निघायचं. मुंजाजीचा बाप असाच गेला, धाकटा भाऊ सटवाही असाच गेला. त्यामुळं रिवाजच पडला होता, माणूस पार हातचं गेल्याशिवाय फादरला कळवायचं नाही. काळाला आपणहून घर दाखवायचं कशाला?

"तेल लावलं का माणूस जातंय," मुंजाजी म्हणाला. "माज्या हातानं तुला वाटंला लावू व्हय?"

"मंग मी दवाखान्यात जात न्हाई. तिथं टेबलावर एकटीला मला भेव वाटायलंय. देव संगं पायजे."

चाळीस वर्षांच्या संसारात ही बाई कशाला भ्याली म्हणून मुंजाजीनं ऐकलं नव्हतं. मारक्या बैलाला वेसण धरून घरी आणणारी ही. पण फोन करायला त्याचा हात काही उचलेना. बायको गेली तर आपलं काय, ही धास्ती त्याला आतून खात होती. शेवटी फोन तिनंच लावला.

बुधवारी सकाळी फादरांची मोटारसायकल दारात थांबली मात्र, शेजारची केशरबाई तोंडाला पदर लावून, दगडाबाई, काहून गं सोडून गेलीस, असा गळा काढत आत शिरली. दगडाबाई चहा गाळत होती.

"रडून झालं आसंल तर च्या घे," ती म्हणाली.

केशरबाई ओशाळली, पण चहा प्यायली. फादरांना हसू आवरेना. मग त्यांनी मुंजाजीला जवळ बसवून विचारलं, तुमच्या वडिलांच्या वेळी फादरना कधी बोलावलं होतं? जीभ आत गेल्यावर, मुंजाजीनं सांगितलं. आणि सटवाच्या वेळी? डोळे फिरल्यावर.

"म्हणजे मरण घरात येऊन बसल्यावर तुम्ही आम्हाला बोलावता, आणि दोष तेलाला देता," फादर म्हणाले. "बाबा, हे आजाऱ्याचं तेल आहे. मोठं दुखणं आलं, ऑपरेशन ठरलं, वयानं थकवलं, की माणूस शुद्धीवर असतानाच घ्यावं. त्याला स्वतःच्या तोंडानं आमेन म्हणता आलं पाहिजे."

"मंग ही वाचंल ना?"

फादरांनी तेलाची डबी उघडली. "ते वचन माझ्याकडं नाही. पण टेबलावर ती एकटी नसेल."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग कपाळाला आणि दोन्ही तळहातांना तेल लावलं. दगडाबाईनं आमेन इतक्या जोरात म्हटलं की गोठ्यातली शेळी दचकून उठली. तेवढ्यात केशरबाईनं आपला गुडघा पुढं सरकवला. हितं बी लावा जरा, लई ठणकायलंय. फादर म्हणाले, त्याला बाम लावा. ती दोन दिवस फुगून बसली.

दगडाबाई महिन्यानं घरी आली, वाळलेली पण खणखणीत. मुंजाजी आठवडाभर तिच्या मागंमागं फिरत होता.

पुढं ज्वारीच्या सुगीत केशरबाईच्या छातीत कळ आली. हृदयाचं ऑपरेशन ठरलं. फादरला इतक्यात नको, असं तिचा लेक पंडित हात जोडून सांगत होता. मुंजाजीनं त्याला बाजूला सारलं, फोन लावला आणि अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असा बोलला.

"फादर, लवकर या. केशरबाई लई बिमार हाय, पण आजून लेकाशी भांडायलीय. तवर या."