दुर्बिणीचं कव्हर

माझा उजवा डोळा ग्राइंडरच्या डिस्कचा तुकडा उडून गेला. डावा चांगला आहे, मेंदूही जागेवर आहे. पण आमच्या ताबूत कमिटीला भागाकार तेवढा येतो. डोळा निम्मा, म्हणून माणूस निम्मा.

उंब्रजजवळच्या आमच्या गावात मोहरमला दोन उंच ताबूत समोरासमोर आणतात. कळसाला कळस टेकला की भेट झाली. खांदेकऱ्यांना वरचं दिसत नाही, म्हणून एकजण उंचावरून हिरवा रुमाल दाखवतो. हलतोय तोवर चालायचं, डोक्यावर धरला की थांबायचं. हा मान आमच्या घरचा. अब्बांचे गुडघे गेल्यावर तो माझ्याकडे यायचा होता.

"वाईट वाटून घिऊ नगंस, अफताब," अध्यक्ष उदयसिंह मीटिंगमध्ये म्हणाले. "एका डोळ्यानं अंतर कळत न्हाई. शास्त्र हाय ते."

शास्त्र! सगळं शास्त्र मला साताऱ्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. दोन डोळ्यांना जरा वेगवेगळी चित्रं दिसतात, त्या फरकावरून मेंदू अंतर काढतो. पण ते जवळच्या कामाला, म्हणजे कपात चहा ओतायला. (दोन महिने मी टेबलाला चहा पाजला, मान्य.) लांबचं दोन्ही डोळ्यांना जवळपास सारखंच दिसतं. मग मेंदू दुसऱ्या खुणा धरतो. एसटीच्या खिडकीतून जवळचा ऊस पळतो आणि लांबचा डोंगर आपल्याबरोबर येतो, तसं. "मान हलवून बघत जा," बाई म्हणाल्या. तेव्हापासून मी कोंबडीसारखी मान हलवतो. गाव हसतं, मला अंतर कळतं.

रुमाल दिला नानासोंना. रिटायर सुभेदार, शिवाय स्वतःची दुर्बीण. "दोन डोळे, दोन भिंगं. चार झालं," उदयसिंह म्हणाले. आणि माझा मान राहावा म्हणून मला दुर्बिणीचं कव्हर धरायला दिलं.

अब्बा भेटीच्या जागेच्या बाजूला, शालूबाईच्या घराच्या स्लॅबवर उभे राहायचे. तिथून मधली फट आडवी दिसते. मोहरमला सुभेदार चढले पाण्याच्या टाकीवर, कारण टाकी जास्त उंच. मागोमाग कव्हर धरून मी. तिथून दोन्ही ताबूत एकामागे एक दिसतात. त्यात दुर्बीण लांबचं जवळ आणते आणि मधली फट दाबून टाकते.

"भिडलं!" सुभेदारांनी रुमाल डोक्यावर धरला. खाली ताशे सुरू.

मी मान हलवली. पुढचा कळस मागच्यावरून सरकला. टेकलेल्या वस्तू अशा सरकत नाहीत, जोडीनं हलतात.

"सुभेदार, सात फूट ऱ्हायलंय अजून."

"काण्यानं मला शिकवायचं? बर्फात दुश्मन हेरलाय म्या!"

"आवं, दुश्मन लांब पळतोय. ह्यो ताबूत जवळ यायलाच बगतोय. दुर्बीण काढा, मान हलवून बगा."

"मी काय कोंबडी हाय व्हय रं?"

खाली खांदे वाकायला लागले. ताबूत एकदा जमिनीवर ठेवला की परत उचलत नाहीत, वर्षाची भेट हुकली. माझं डोकं फिरलं. हातात कव्हरच होतं. सुभेदारांच्या डोळ्यांवर दुर्बीण तशीच, आणि मी पुढून कव्हर चढवलं.

"आँ? अंधार कसा पडला?"

तोवर रुमाल माझ्या हातात. मी तो हलवला. खाली शिव्या ऐकू आल्या, पण खांदे परत उठले. एक फूट. तीन. सहा. माझी मान घड्याळाच्या लंबकासारखी चालू. मग दोन्ही कळस जोडीनं हलले, आणि मी रुमाल डोक्यावर धरला. बाजूच्या स्लॅबवरून शालूबाई ओरडली, "टेकलं गं बाई!"

संध्याकाळी उदयसिंहांनी लाऊडस्पीकरवरून आभार मानले. "अचूक मार्गदर्शन, सुभेदार नानासो. कव्हर, अफताब." सुभेदार शेजारीच बसले होते. दोन्ही डोळ्यांनी जमीन बघत होते.

मी स्टेजवर गेलो, कव्हर अध्यक्षांपुढं आपटलं.

"आरं, रुमाल?"

"रुमाल आमच्या घरचा हाय."

तो आता आमच्या खुंटीवर आहे. पुढल्या वर्षी ज्याला लागेल त्यानं दारात येऊन अब्बांच्या देखत माझ्याकडं मागावा. येताना दोन्ही डोळे आणले तरी चालतील.