ॲडमिनचा पासवर्ड

नवीन पनवेलच्या त्या डिझाइन ऑफिसात अकरा माणसं होती आणि अकरा कॉम्प्युटर. सगळ्यांची ड्रॉइंग्ज एकाच सर्व्हरवर. त्यांची राखण रेवाकडे होती. कुठलंही नवं सॉफ्टवेअर टाकायचं, तर तिचा ॲडमिनचा पासवर्ड लागायचा.

त्या दुपारी तळोज्याच्या एका कारखान्यातून फोन आला. ॲसिडच्या टाकीचा आधार खचला होता, काम बंद पडलं होतं, आणि नव्या आधाराचं ड्रॉइंग पाचच्या आत हवं होतं. त्यांनी पाठवलेली फाइल ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीतली होती. इथे ती उघडेचना. रेवाने नव्या आवृत्तीचा फोल्डर सर्व्हरवरच्या, सगळ्यांना दिसणाऱ्या ड्राइव्हवर उतरवून घेतला आणि जुन्याजाणत्या बळीरामकाकांच्या मशीनवर ती आवृत्ती टाकायला घेतली. पासवर्ड दिला, तर मशीन म्हणे फोल्डर सापडत नाही. फोल्डर तर समोर दिसत होता. तिने पुन्हा दिला. पुन्हा तेच.

एव्हाना अडीच वाजले होते. मालक सत्यजीतसर मागे येऊन उभे राहिले. सगळ्यांनाच ॲडमिन करून टाक, म्हणाले, ज्याचं तो टाकून घेईल.

रेवा यायच्या आधी इथे तसंच होतं. कुणीतरी फुकटचं काहीतरी उतरवलं, त्यातून व्हायरस शिरला आणि एका सकाळी सर्व्हरवरच्या सगळ्या फाइलींना कुलूप लागलं. त्या कधीच उघडल्या नाहीत.

"ते मी करणार नाही, सर. वीस मिनिटं द्या."

"आणि नाही झालं तर?"

"तर पासवर्ड लिहून देते. पण मग सर्व्हरची जबाबदारी माझी नाही."

ऑफिसातली टकटक थांबली. सरांचा चेहरा लाल झाला. तेवढ्यात बळीरामकाका खुर्चीतून न उठताच बोलले, "सायेब, मागं माजी आठ वर्सांची ड्रॉइंगा गेली. थांबू या आमी."

सरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि शेजारची खुर्ची ओढून बसले.

पंधरा मिनिटं अशीच गेली. मग तिच्या ध्यानात आलं: तो ड्राइव्ह जोडलेला होता काकांच्या नावाला. पासवर्ड दिला की मशीन तिला ॲडमिन म्हणून ओळखायचं, आणि ॲडमिनच्या नावाला ड्राइव्ह जोडलेलाच नव्हता. तिने फोल्डर उचलून काकांच्या मशीनवरच ठेवला, तिथून सॉफ्टवेअर टाकायला घेतलं, पासवर्ड दिला. हिरवी पट्टी हळूहळू पुढे सरकू लागली.

काकांनी मान वर न करता काम उपसलं. ड्रॉइंग पाच वाजून दहा मिनिटांनी गेलं. उशिराबद्दल कारखान्याच्या इंजिनिअरने दोन शब्द सुनावले, पण ड्रॉइंग घेतलं.

निघताना सरांनी रेवाला केबिनमध्ये बोलावलं. असं चारचौघांत पुन्हा बोलायचं नाही, म्हणाले. तिने मान हलवली. ती दारापर्यंत पोचली, तेव्हा त्यांनी विचारलं, "माझ्या मशीनवर आहे ना गं ती ॲडमिनची परवानगी?"

"आहे, सर. तुम्हीच मागून घेतली होती."

ते खुर्ची मागे सारून उठले.

"काढून टाक," म्हणाले.